कॅपो लावल्यावर गिटारची दांडी कशी वाचावी

आमच्या विद्यार्थ्यांपैकीं पुष्कळांच्या हातीं हल्लीं गिटार दिसते. चारदोन कॉर्ड बसले न बसले तोंच कॅपो नांवाचा चिमटा घरांत येतो, आणि तेथूनच घोटाळ्यास आरंभ होतो. गाणारी मुलगी ‘पांढरी दोन’ मागते. पेटीवाला ती धरतो. पांढरी दोन म्हणजे डी, एवढें गिटारवाल्यास ठाऊक असतें. म्हणून दुसऱ्या पडद्यावरचा कॅपो तसाच ठेवून तो डीची आकृति धरतो. वाजतो मात्र ई! त्यानें धरावयास हवी होती ती सीची आकृति. ऐन समारंभांत अशी चूक झाली म्हणजे हाल होतात ते बिचाऱ्या गाणारीचे.

गिटारची बारीक तार पहिली व जाड तार सहावी. सहावीपासून ह्या तारा ई, ए, डी, जी, बी, ई अशा लावितात. दर पडद्यास अर्धा स्वर चढतो. कॅपो म्हणजे सहाही तारांवर आडवें ठेविलेलें, न थकणारें बोट होय. जाणते लोक त्यास आळशांचें साधन म्हणतात. आम्हांस तें पटत नाहीं. गळा ज्याचा त्याचा असतो, आणि साथ त्यालाच धरून व्हावी.

येथें एक गोष्ट नीट ध्यानांत धरावी. कॅपोनें पडद्यांचे स्वर बदलत नाहींत. सहाव्या तारेच्या तिसऱ्या पडद्यावर जी आहे. कॅपो दुसऱ्या पडद्यावर असो वा नसो, तेथें जीच आहे. बदलतें तें इतकेंच कीं, मोकळी तार आतां पुढून सुरू होते. म्हणून स्वराचें नांव हवें असल्यास पडदे दांडीच्या टोंकापासून मोजावे; बोटांची आकृति बसवावयाची असल्यास कॅपोपासून मोजावे. दांडीवरील ठिपके बहुधा ३, ५, ७, ९ व १२ ह्या पडद्यांशीं असतात. ते पहिल्या मोजणीचे चाकर, दुसरीचे नव्हेत. कॅपो दुसऱ्यावर असतां पांचव्याचा ठिपका आकृतीच्या हिशेबीं तिसरा होतो, आणि मोकळ्या तारेचें वरचें सप्तक बाराव्यावर न मिळतां चौदाव्यावर मिळतें. तार ६५० मिलिमीटर असली तर तिचा मध्य ३२५ वर, म्हणजे बाराव्या पडद्यावर येतो. दुसऱ्या पडद्यापुढें सुमारें ५७९ मिलिमीटर तार उरते, व तिचा मध्य चौदाव्यावर पडतो. शंका असेल त्यानें फूटपट्टी घेऊन पाहावें.

वाजणाऱ्या कॉर्डचें खरें नांव कसें ओळखावें? ईची आकृति सहाव्या तारेवर उभी असते, एची पांचव्या, डीची चौथ्या. त्या तारेवर कॅपोखालीं जो स्वर, तेंच कॉर्डचें नांव. कॅपो तिसऱ्या पडद्यावर असला तर ह्या तीन तारांवर जी, सी व एफ येतात. म्हणून ईची आकृति जी वाजते, एची सी, डीची एफ. जी व सी ह्या आकृतींचा मूळ स्वर कॅपोपुढील तिसऱ्या पडद्यावर, अनुक्रमें सहाव्या व पांचव्या तारेवर, शोधावा. जॉर्ज हॅरिसन यानें १९६९ सालीं ‘हिअर कम्स द सन’ हें गीत सातव्या पडद्यावर कॅपो लावून डीच्या आकृतीनें वाजविलें. चौथ्या तारेच्या सातव्या पडद्यावर ए आहे, आणि गीतही एमध्येंच ऐकूं येतें.

कॅपो पडद्याच्या तारेला लगटून, पण तिच्या मागें बसवावा, आणि लावल्यावर सूर पुन्हां तपासावे. त्यानें स्वर चढतो, उतरत कधींच नाहीं.

आतां गाणारीनें ‘काळी चार’, म्हणजे जी शार्प, मागितली असें समजूं. सीच्या आकृतीस आठव्या पडद्यावर जावें लागेल. तेथें बोटांची दाटी होते. जीच्या आकृतीस पहिला पडदा पुरतो, ईच्या आकृतीस चौथा. दोन गिटारी असतील तर एकानें पहिल्यावर, दुसऱ्यानें चौथ्यावर कॅपो लावावा. स्वर एकच राहून दोघांचा नाद निरनिराळा ऐकूं येईल.