असंघटितांची संघटना : गेट नसलेल्या कारखान्याचा अभ्यास

‘युनियन’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर एक ठरलेलं चित्र येतं. कारखान्याचं गेट, गेटसमोर झेंडे, घोषणा आणि आतल्या केबिनमध्ये बसलेला मालक. मालवण, देवगड, वेंगुर्ला, कणकवली या भागातल्या जुन्या पिढीला हे चित्र सांगायची गरज नाही. घरटी एखादा माणूस मुंबईच्या गिरणीत आणि दर महिन्याला गावी मनिऑर्डर, अशी कितीतरी घरं आपल्या सिंधुदुर्गात होती. त्या गिरणी कामगाराला मिळालेला फंड, बोनस, हक्काची रजा यातली एकही गोष्ट कुणी खुशीने दिलेली नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या, मागण्या मांडल्या आणि १० जून १८९० ला रविवारची सुट्टी पदरात पाडून घेतली. आपण हॉस्टेलवर रविवारी दहा वाजता उठतो त्यामागे हा इतिहास आहे!

पुढे १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. गिरण्या मात्र हळूहळू बंद पडल्या आणि बरेच लोक गावाकडे परतले. आजोबांकडे युनियनची पावती होती. नातवाकडे काम आहे पण पावती नाही. असं का झालं आणि यावर उपाय काय, हे समजून घेण्याचा हा प्रयत्न.

१. असंघटित म्हणजे कोण?

ज्याच्या कामाला लेखी करार नाही, नोकरीची हमी नाही, आजारपणात पगार नाही आणि म्हातारपणी पेन्शन नाही तो असंघटित कामगार. डॉ. अर्जुन सेनगुप्ता यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय आयोगाने २००७ च्या सुमारास हिशेब मांडला तेव्हा देशातले सुमारे ९२ टक्के कामगार या व्याख्येत बसत होते. म्हणजे आपण पुस्तकात ज्याला ‘कामगार’ म्हणून शिकतो तो खरं तर अपवाद आहे.

आपल्या किनाऱ्यावर एक फेरी मारा. सर्जेकोटला बोटीवरचा खलाशी, दांडीच्या किनाऱ्यावर रापणीचा दोर ओढणारे हात, टोपली घेऊन बाजारात बसणारी मासेविक्रेती, वाळूत बांगडे सुकत घालणारी बाई, काजू कारखान्यात बी फोडणारी-सोलणारी मुलगी, आंबा बागेत राखणीला राहिलेला नेपाळी माणूस, चिरेखाणीवरचा कर्नाटकातून आलेला मजूर, तारकर्ली-देवबागला पर्यटकांना पाण्यात उतरवणारा आपल्याच वयाचा गाईड. यातल्या कुणालाही विचारा, ‘तुमचो मालक कोण?’ बऱ्याच जणांकडून उलटा प्रश्न येईल, ‘मालक? खंयचो मालक?’

या प्रश्नातच सगळी अडचण आहे.

२. युनियन अडते कुठे?

मेकॅनिक्समध्ये आपण फ्री बॉडी डायग्राम काढतो. वस्तूवर कोणकोणती बलं लागतात आणि आधार कुठे मिळतो ते आधी दाखवतो, मग गणित सोडवतो. गिरणी कामगाराचा असा डायग्राम काढणं सोपं होतं. एक मालक, एक जागा, एक पाळी, एक पगाराची तारीख. सगळ्यांनी मिळून काम थांबवलं की मालकाला थेट दाब जाणवायचा. असंघटित कामगाराचा डायग्राम काढायला बसलं की चार ठिकाणी पेन्सिल अडते.

पहिली अडचण मालकाची. टोपलीवाल्या बाईने संप केला तर नुकसान तिचंच होणार. ती कुणाविरुद्ध संप करणार?

दुसरी जागेची. बागा डोंगरभर पसरलेल्या, होड्या समुद्रात, घरकाम करणारी बाई दिवसाला चार घरांत. सभा कुठे आणि कधी घ्यायची?

तिसरी हंगामाची. जूनपासून मासेमारी बंदी लागली की बोटी किनाऱ्याला येतात आणि बाहेरून आलेला खलाशी घरी जातो. पुढच्या हंगामात तो याच बोटीवर येईल याची खात्री नाही. त्यात अनेकांनी हंगामाच्या सुरुवातीला उचल घेतलेली असते. ज्याच्याकडून उचल घेतली त्याच्याविरुद्ध बोलायला जीभ रेटत नाही.

चौथी अडचण सगळ्यात कठीण. काम उठून दुसरीकडे जातं. केरळात कोल्लमच्या काजू कारखान्यातल्या बायकांनी अनेक वर्षं झगडून युनियन उभी केली. सरकारने १९६९ मध्ये काजू विकास महामंडळ काढलं, पुढे १९७९ मध्ये काजू कामगारांच्या कल्याण निधीचा कायदा झाला. पण मजुरी वाढली तशी काही मालकांनी बी शेजारच्या तामिळनाडूत नेऊन फोडून घ्यायला सुरुवात केली. एका जागी मजुरी वाढवली की काम स्वस्त जागी सरकतं, हा धडा आपल्या वेंगुर्ल्याच्या काजूलाही लागू आहे.

यात कायद्याची आडकाठी होती का? युनियन नोंदवायला किमान सात जणांचा अर्ज लागतो. पण ‘मालक कोण’ हा प्रश्न तिथेही आडवा आला. अहमदाबादला इला भट्ट यांनी १९७२ मध्ये ‘सेवा’ ही कष्टकरी बायकांची संघटना नोंदवायला नेली तेव्हा निबंधक कार्यालयाचं म्हणणं पडलं की तुम्हाला मालकच नाही, मग तुमची युनियन कशी? त्यांचं उत्तर होतं की युनियन मालकाविरुद्ध असायलाच हवी असं नाही, ती कामगारांच्या एकीसाठी असते. शेवटी नोंदणी मिळाली.

३. तीन उत्तरं

मालक सापडत नसेल तर काय करायचं? आपल्या भागात या प्रश्नाची तीन वेगवेगळी उत्तरं निघाली आहेत.

पहिलं उत्तर हमालांचं. मुंबईच्या मशीद बंदरच्या बाजारात माथ्यावर ओझी वाहणारे माथाडी एकाच दिवशी पाच व्यापाऱ्यांचा माल उतरवत. प्रत्येक व्यापारी म्हणणार, हा माझा कामगार नाही. अण्णासाहेब पाटील यांनी मुंबईत माथाडींना एकत्र केलं, पुण्यात डॉ. बाबा आढाव यांनी १९५० च्या दशकात हमाल पंचायत उभी केली. या सगळ्या रेट्यातून १९६९ चा महाराष्ट्र माथाडी कायदा आला. त्याची रचना इंजिनिअरने दाद द्यावी अशी आहे. मालक, कामगार आणि सरकार यांचे प्रतिनिधी असलेलं एक मंडळ. व्यापाऱ्याने नोंदणी करायची, हमालांच्या टोळीने नोंदणी करायची. व्यापारी मजुरी मंडळात भरणार आणि वर ठराविक टक्के लेव्ही. मंडळ हमालाला पगार देणार आणि लेव्हीतून फंड, ग्रॅच्युइटी, बोनस, रजा, औषधोपचार. म्हणजे पाच मालक वजा करून एक मंडळ बसवलं. ज्याला एकही मालक नव्हता त्याला कायद्याने एक पत्ता मिळाला. या कायद्याच्या पळवाटा आणि बोगस टोळ्यांच्या तक्रारी आहेत, पण मूळ कल्पनेला अजून तोड नाही.

दुसरं उत्तर कचरा वेचणाऱ्या बायकांचं. १९९३ मध्ये पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत सुरू झाली. यांना मालक नाही, मंडळही नाही. त्यांनी हिशेब उलटा मांडला. आम्ही कचरा उचलतो म्हणून महापालिकेचा वाहतूक खर्च वाचतो, तेव्हा आमचं नातं महापालिकेशी आहे. आधी ओळखपत्र मागितलं आणि त्यावर महापालिकेची मोहोर मिळवली. पोलिसाने चोर म्हणून हटकलं तर दाखवायला हातात काहीतरी आलं. पुढे २००८ मध्ये त्याच बायकांच्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेने महापालिकेशी करार केला आणि दारोदार कचरा गोळा करायचं काम हक्काने घेतलं. ओळखपत्र ते करार, पंधरा वर्षं लागली.

तिसरं उत्तर समुद्राचं, आणि ते आपल्या अगदी शेजारचं आहे. रापण आपल्याकडे सगळ्यांना माहीत असते. होडीतून जाळं अर्धवर्तुळात सोडायचं, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर आणायचे आणि दोन्ही बाजूंनी माणसांनी मिळून ओढायचं. मिळेल ती मासळी वाट्यांत. गोव्यात १९६० नंतर सरकारी कर्ज-अनुदानावर यांत्रिक ट्रॉलर वाढले. ते किनाऱ्याजवळ यायला लागले आणि रापणीची जाळी रिकामी यायला लागली, फाटायलाही लागली. तेव्हा ‘गोंयच्या रापणकारांचो एकवट’ उभा राहिला. माथानी साल्ढाणा हे त्यातलं मोठं नाव. त्यांनी पगार मागितला नाही. पाण्यात एक रेघ मागितली. रेघेच्या आत यंत्र नको. समुद्र सरकारच्या ताब्यात, तेव्हा मागणी सरकारकडे. गोव्याचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८० चा आणि आपल्या महाराष्ट्राचा १९८१ चा आहे. याच चळवळींतून नॅशनल फिशवर्कर्स फोरम ही देशपातळीची संघटना वाढली. परदेशी भागीदारीतल्या मोठ्या जहाजांना परवाने देणाऱ्या १९९१ च्या धोरणाविरुद्ध तिने किनाऱ्या-किनाऱ्यावर बंद पाळले. त्या दबावाखाली नेमलेल्या मुरारी समितीने १९९६ मध्ये ते परवाने रद्द करण्याची शिफारस केली.

तिन्ही उत्तरांत एक गोष्ट समान आहे. संप हा पहिला टप्पा नव्हता. ‘मागायचं कुणाकडे’ हे आधी ठरवलं, मग ‘आम्ही किती आणि कोण’ याची नोंद केली, आणि त्यानंतरच ताकद लावली.

४. आपल्या मालवणचं काय?

मालवण किनाऱ्यावरचा पारंपरिक मच्छीमार असंघटित आहे असं म्हणणं धाडसाचं होईल! १९८७ मध्ये मालवणला सागरी अभयारण्य जाहीर झालं तेव्हा आपल्या मासेमारीचं काय होणार म्हणून तो विरोधात उभा राहिला. पर्ससीन जाळ्यांविरुद्ध तर गेली कित्येक वर्षं मोर्चे, निवेदनं, भर समुद्रातले संघर्ष चालू आहेत. राज्य सरकारने ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने पर्ससीनवर निर्बंध घातले, केंद्राने नोव्हेंबर २०१७ मध्ये एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर बंदी आणली आणि २०२१ मध्ये राज्याच्या कायद्यात दुरुस्ती होऊन दंड लाखांच्या घरात गेले. अंमलबजावणीची रड आहेच, तरी कागदावरचं हे यश एकीचं आहे.

पण अभ्यास करायचा तर एक अवघड प्रश्न विचारायलाच हवा. या लढ्यात ‘मच्छीमार’ या एका शब्दाखाली होडीचा मालकही येतो आणि त्याच होडीवरचा खलाशीही. पर्ससीनविरुद्ध दोघांचं हित एक आहे, कारण मासळीच संपली तर दोघेही उपाशी. पण मासळी मिळाल्यावर वाटा किती, उचल किती, आजारी पडलं तर औषधपाणी कुणाचं, या प्रश्नांवर ते समोरासमोर आहेत. तो खलाशी नेपाळचा किंवा कर्नाटकचा असेल तर त्याला इथल्या सभेत बोलवणार कोण? आणि मासळी किनाऱ्याला लागल्यानंतरचं निम्मं काम ज्या बायका करतात, त्या होडी-जाळ्याच्या मालक नाहीत म्हणून ‘मच्छीमार’ या शब्दातूनच गळतात.

हे भांडण लावण्यासाठी लिहिलेलं नाही. छोटा होडीवालाही कर्जात बुडालेला असतो, डिझेल आणि बर्फाचा खर्च वाढलाय हे खरंच आहे. मुद्दा एवढाच की बाहेरच्या शत्रूविरुद्धची एकी आणि आतल्या माणसाचा हक्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २००७ मध्ये मासेमारीतल्या कामाविषयी ठराव क्रमांक १८८ स्वीकारला. त्यात बोटीवरच्या प्रत्येक माणसाचं नाव यादीत असावं, त्याच्याशी लेखी करार असावा, त्याला विश्रांती आणि उपचार मिळावेत अशा साध्या गोष्टी आहेत. बोट बुडाल्यावर आत कोण कोण होतं हे कागदावरून कळावं, ही मागणी कोणत्याही मालकाला जड जाऊ नये. आणि ती मान्य झाली तर खलाशाच्या ‘मालक कोण’ या प्रश्नाचं उत्तर आपोआप कागदावर येतं.

५. यात आपला काय संबंध?

‘आपण तर इंजिनिअर होणार, युनियनशी आपल्याला काय?’ असं म्हणणाऱ्यांसाठी हा शेवटचा भाग.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार नव्या श्रमसंहिता लागू झाल्या. १९२६ चा ट्रेड युनियन कायदा, १९९६ चा बांधकाम कामगारांचा कायदा आणि २००८ चा असंघटित कामगारांचा सामाजिक सुरक्षा कायदा त्यात विलीन झाले. अॅपवरून काम करणारे, म्हणजे रात्री बारा वाजता तुमची बिर्याणी हॉस्टेलच्या गेटवर आणून देणारा, यांची व्याख्या पहिल्यांदाच कायद्यात आली. त्यावर कामगार संघटनांचे बरेच आक्षेप आहेत आणि ते वाचण्यासारखे आहेत. पण कुठलीही संहिता असो, लाभ मिळायला आधी नाव नोंदलेलं लागतं. ऑगस्ट २०२१ मध्ये सुरू झालेली ई-श्रम नोंदणी त्यासाठीच आहे.

आता सिव्हिलवाल्यांनी विशेष लक्ष द्या. बांधकाम मजुराला कल्याण मंडळाचा लाभार्थी व्हायचं तर मागच्या बारा महिन्यांत किमान ९० दिवस काम केल्याचा पुरावा लागतो. मंडळाकडे पैसा बांधकाम खर्चावरच्या उपकरातून येतो, म्हणजे पैसा त्याच्याच घामाचा. पण दर दोन महिन्यांनी साइट बदलणारा मजूर ९० दिवसांचा दाखला आणणार कुठून? उद्या साइटवर मस्टर तुमच्या हातात असेल. त्यात त्याचं पूर्ण नाव लिहायचं की ‘मजूर – १२’ एवढंच लिहायचं, हे तुम्ही ठरवणार आहात. तेवढ्या एका ओळीवर त्याच्या मुलीची शिष्यवृत्ती अवलंबून असू शकते.

आणि साइटपर्यंत थांबायची तरी काय गरज? मेसमध्ये चपात्या लाटणाऱ्या मावशी, सफाईवाले काका, रात्रपाळीचे वॉचमनमामा हे बहुतेक ठिकाणी कंत्राटावर असतात. कंत्राट बदललं की त्यांची सेवा शून्यापासून मोजली जाते. त्यांच्यापैकी किती जणांकडे ई-श्रम कार्ड आहे? किती जणांना आपला फंड नंबर माहीत आहे? आपल्या मोबाइलवर अर्ध्या तासात एका माणसाचं काम होतं. एनएसएसच्या तासांत हे बसवायला कुणाची हरकत नसावी, आणि प्राध्यापक मंडळींनी मनावर घेतलं तर एका सेमिस्टरमध्ये सगळ्या कॅम्पसची यादी पूर्ण होईल.

यादी म्हणजे युनियन नव्हे, हे खरं. पण पुण्याच्या कचरावेचक बायकांनी सुरुवात ओळखपत्रापासूनच केली होती. ज्याचं नाव कुठेच लिहिलेलं नाही त्याला एकत्र बोलावताही येत नाही. तेव्हा नाव लिहिण्यापासून सुरुवात करूया. पुढचं त्यांचं ते ठरवतील.