परिचर्येतील ताण आणि शिथिलीकरणाची तंत्रे : चला समजून घेऊया



आपल्या ब्लॉगवर बहुतेक वेळा शाळेचेच पाठ असतात. आजचा पाठ थोडा वेगळा आहे. माझी धाकटी बहीण जी.एन.एम.च्या तिसऱ्या वर्षाला आहे. तिचं बारावीपर्यंतचं शिक्षण मराठीत झालं आणि आताची सगळी पुस्तकं इंग्रजीत. ताण आणि त्याचे व्यवस्थापन हे प्रकरण तिला मराठीत समजावून सांगता सांगता माझीच वही भरली. त्या वहीतून हा लेख तयार झाला. मी स्वतः नर्स नाही, त्यामुळे वॉर्डातल्या गोष्टी तिच्याकडून ऐकलेल्या आहेत. जी.एन.एम., ए.एन.एम., बी.एस्सी. नर्सिंग करणाऱ्या मुलामुलींना याचा उपयोग होईल. तुमच्या घरात कुणी सिस्टर किंवा ब्रदर असेल तर तुम्हीही वाचा.

सुरुवात एका रात्रीपासून करते. मागच्या वर्षी तिच्या नाईट ड्युटीत एक आजोबा वारले. तिने पाहिलेला तो पहिला मृत्यू. सिनियर सिस्टरनी तिला सोबत घेऊन देहाची शेवटची स्वच्छता केली, डोळे मिटवले, हनुवटीला पट्टी बांधली. बाहेर नातेवाईक रडत होते. आणि तेवढ्यात सात नंबरच्या बाईंना अँटिबायोटिक द्यायची वेळ झाली. तिने ते इंजेक्शन दिलं. सकाळी रिपोर्ट दिला, होस्टेलवर आली, आंघोळ करून आडवी झाली, तर झोपच येईना. जबडा ठणकत होता. रात्रभर आपण दात आवळून धरले होते हे तिला तेव्हा कळलं. मला फोन करून ती रडली नाही. म्हणाली, "ताई, दाताच्या डॉक्टरकडे जाऊ का गं?"

तो दुखणारा जबडा नीट लक्षात ठेवा. पुढचा सगळा पाठ त्याच्याभोवती आहे.

ताण म्हणजे नेमकं काय?

रात्री तुम्ही गाडीवरून जाताय आणि अचानक कुत्रं मागे लागलं. काय होतं? छाती धडधडते, श्वास भराभर होतो, तळहाताला घाम येतो, मांड्या आणि खांदे घट्ट होतात. मेंदूने धोका ओळखला की अनुकंपी चेतासंस्था कामाला लागते आणि मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी अॅड्रेनलिन सोडतात. थोड्या वेळाने त्याच ग्रंथींमधून कॉर्टिसॉल येतं. रक्तातली साखर वाढते, स्नायूंकडे जास्त रक्त जातं, पचन मंदावतं. वॉल्टर कॅनन या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला याचा अभ्यास केला आणि याला ‘लढा किंवा पळा’ प्रतिक्रिया म्हटलं. तुम्ही गाडी पळवता, कुत्रं मागे पडतं, दहा-पंधरा मिनिटांत अंग पुन्हा सैल होतं. शरीराने केलेली तयारी वापरली गेली, हिशोब मिटला.

आता हेच वॉर्डात पाहा. रात्रीचे दोन वाजलेत. एका पेशंटचं बी.पी. खाली आलंय, दुसऱ्याची सलाईन संपत आलीय आणि एक नातेवाईक अंगावर ओरडतोय, "आमच्या पेशंटकडे कुणी बघतच नाही!" सिस्टरच्या शरीरातही तेच अॅड्रेनलिन, तीच धडधड. पण तिला पळता येत नाही आणि भांडता तर मुळीच येत नाही. उलट आवाज खाली ठेवायचा असतो, आणि पुढच्याच मिनिटाला हात न थरथरता बारीक शीर शोधायची असते. म्हणजे तयारी तर पूर्ण झाली, पण ती वापरायला वाटच नाही. मग ती कुठे जाऊन बसते? मानेत, खांद्यात, कमरेत. माझ्या बहिणीच्या बाबतीत जबड्यात.

माझ्या मते परिचर्येतल्या ताणाचं मुख्य लक्षण हेच आहे. काम तर शेतातही भरपूर असतं आणि शाळेतही असतं. पण शाळेत मी वैतागले तर निदान चेहऱ्यावर दाखवू शकते. (मुलं लगेच ओळखतात, "बाई आज रागात आहेत.") सिस्टरला तेवढीही सवलत नसते.

हान्स सेल्ये यांचं नाव परीक्षेत हमखास विचारतात. वैद्यकीय विद्यार्थी असतानाच त्यांना एक गोष्ट जाणवली होती : आजार वेगवेगळे असले तरी सगळेच रुग्ण काही बाबतीत सारखे दिसतात, थकलेले, भूक गेलेले. पुढे १९३६ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात त्यांचं एक छोटं टिपण आलं. त्यातून पुढे ताणाच्या तीन अवस्था प्रसिद्ध झाल्या. पहिली धोक्याची सूचना, दुसरी प्रतिकार, तिसरी थकवा. नवीन मुलीला वॉर्डात पहिल्या आठवड्यात धडधडतं, ही पहिली अवस्था. नंतर तिला सवय होते. "आता काही वाटत नाही," असं ती सांगते. ही दुसरी अवस्था आणि हीच फसवी असते, कारण शरीर जुळवून घेण्यासाठी आतून खर्च करतच असतं. फक्त बाहेर कळत नाही. तो खर्च भरून निघाला नाही तर तिसरी अवस्था येते.

कामाच्या ठिकाणी दीर्घकाळ राहिलेल्या आणि नीट न हाताळलेल्या ताणातून येणाऱ्या अशा थकव्याला बर्नआउट म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात त्याची तीन लक्षणं दिली : शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामाबद्दल मनात दुरावा किंवा कडवटपणा येणं, आणि काम पूर्वीसारखं न जमणं. त्याला त्यांनी आजार म्हटलेलं नाही, कामाशी निगडित स्थिती म्हटलं आहे. हा फरक उत्तरपत्रिकेत जरूर लिहा.

सात नंबर, नऊ नंबर

१९६० मध्ये इझाबेल मेन्झीज या मनोविश्लेषक बाईंनी लंडनमधल्या एका शिक्षण रुग्णालयाचा अभ्यास प्रसिद्ध केला. तिथे बऱ्याच मुली शिक्षण अर्धवट सोडून जात होत्या. बाईंना दिसलं की रुग्णांच्या वेदनेमुळे आणि मृत्यूमुळे येणारी अस्वस्थता टाळण्यासाठी रुग्णालयाने नकळत काही रीती पाडून घेतल्या आहेत. एका नर्सने एका रुग्णाचं सगळं करायचं नाही, तर सगळ्या रुग्णांचं एकच काम करायचं. रुग्णाला नावाने न ओळखता बेडच्या नंबराने किंवा आजाराने ओळखायचं. झोपलेल्या रुग्णाला उठवून झोपेचं औषध देण्यापर्यंत गोष्ट गेलेली होती! मेन्झीज यांचं म्हणणं असं की या रीतींनी अस्वस्थता कमी झाली नाहीच, उलट कामातलं समाधानही गेलं.

हे वाचून दाखवलं तेव्हा बहीण बराच वेळ गप्प होती. मी वरती "सात नंबरच्या बाई" असं लिहिलंय ना, ते तिचेच शब्द आहेत. पण आजोबांचं नाव मात्र तिला अजून आठवतं.

जेकबसन यांची पद्धत

आता तंत्रांकडे येऊ. एडमंड जेकबसन या अमेरिकन डॉक्टरांचं ‘प्रोग्रेसिव्ह रिलॅक्सेशन’ हे पुस्तक १९२९ साली आलं. त्यांचं निरीक्षण साधं होतं : मन अस्वस्थ असतं तेव्हा स्नायू आवळलेले असतात, आणि बहुतेकांना ते कळतही नाही. "सैल हो" असं म्हणून स्नायू सैल होत नाही. म्हणून तो आधी मुद्दाम आवळायचा, ताण कसा लागतो हे अनुभवायचं आणि मग सोडायचा. आवळणं आणि सोडणं यातला फरक कळायला लागला की ताण चढताचढताच पकडता येतो. त्यांची मूळ पद्धत खूप लांबलचक होती. नंतर लोकांनी ती सोळा स्नायूगटांपर्यंत आणली. घरी पुढीलप्रमाणे करा.

आडवं पडा किंवा पाठ टेकून बसा. उजव्या हाताची मूठ आवळा, पाच ते सात सेकंद. सोडा. वीस-तीस सेकंद काहीच करू नका, फक्त हात कसा वाटतोय ते पाहा. मग दंड, मग डावा हात. नंतर कपाळ (भुवया वर), डोळे, जबडा, मान, खांदे (कानाकडे उचलून), पोट, मांड्या, पोटऱ्या, तळपाय. आवळताना श्वास रोखायचा नाही. पूर्ण ताकद लावायची नाही, अर्धी-पाऊण पुरे. पोटऱ्यांना गोळे येतात, तिथे जपून. दुखापत किंवा नुकतंच ऑपरेशन झालेला भाग आवळायचाच नाही, तो वगळून पुढे जायचं. पहिल्या दिवशी वीस मिनिटं लागतील आणि मन चार ठिकाणी धावेल. चालेल.

महत्त्वाचं म्हणजे हे तंत्र आधी शांत वेळी, घरी किंवा होस्टेलवर, रोज दोन-तीन आठवडे करावं लागतं. गडबडीत पहिल्यांदा करून पाहिलं तर काही होत नाही, मग लोक म्हणतात "हे सगळं पुस्तकी आहे". पाढे आधी पाठ असतील तरच बाजारात उपयोगी पडतात, तसंच हे.

श्वास आणि हात धुणे

मोठ्या माणसाचा विश्रांतीतला श्वास साधारण मिनिटाला १२ ते २० असतो. चार सेकंद श्वास आत आणि सहा सेकंद बाहेर असं केलं की एक श्वास दहा सेकंदांचा, म्हणजे मिनिटाला सहा. श्वास सोडताना व्हेगस चेतेचा प्रभाव वाढतो आणि हृदयाची गती थोडी कमी होते, म्हणून सोडणं लांब ठेवायचं. ही परानुकंपी चेतासंस्थेची बाजू, म्हणजे वाहनाचा ब्रेक. जोरजोरात खोल श्वास मात्र घेऊ नका. त्याने चक्कर येते आणि बोटांना मुंग्या येतात.

"पण ताई, वॉर्डात वेळ कुठे असतो?" हा बहिणीचा प्रश्न. मग आम्ही दोघींनी मिळून हिशोब केला. साबणाने हात धुण्याची पूर्ण क्रिया ४० ते ६० सेकंदांची असावी असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे प्रत्येक वेळी चार ते सहा लांब श्वास! हात तर धुवायचेच असतात. त्या वेळात खांदे खाली सोडायचे, दातांवरचे दात सुटे करायचे आणि जीभ तोंडात सैल ठेवायची. जादा वेळ शून्य. डोळे उघडेच राहतात, त्यामुळे कुणाला कळतही नाही. तिला सगळ्यात जास्त उपयोग याचाच झाला.

ड्युटीवरून आल्यावर शवासन किंवा योगनिद्रा चांगली. डोळे मिटल्यावर कुणाला ती रात्र पुन्हा दिसायला लागली आणि जीव घाबरला, तर डोळे उघडे ठेवून जेकबसन करा. नाईटच्या दिवसांत खोली अंधारी करा, फोन लांब ठेवा, आणि चहा-कॉफी ड्युटीच्या पहिल्या भागातच घ्या.

हीच तंत्रं रुग्णालाही शिकवता येतात, ऑपरेशनच्या आदल्या दिवशी किंवा प्रसूतीची वाट पाहणाऱ्या बाईला. स्वतः केलेली असतील तर शिकवताना आवाजातच फरक पडतो.

जे श्वासाने सुटत नाही

आता एक गोष्ट स्पष्ट लिहिते. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांप्रमाणे शिक्षण रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक आणि सर्वसाधारण रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक परिचारिका हवी. चाळीस खाटांच्या वॉर्डात रात्री एकटी सिस्टर असेल तर तिचा ताण हा तिच्या मनाचा दोष नाही, आणि तिला प्राणायामाचं शिबिर लावून तो जाणार नाही. तिथे आणखी माणसं हवीत, साप्ताहिक सुट्टी हवी, नाईटनंतर विश्रांती हवी, ओरडणाऱ्या जमावापासून संरक्षण हवं. ताण आला की स्वतःला विचारा : हा माझ्या शरीरात अडकलेला आहे, की ड्युटीच्या तक्त्यात? पहिला असेल तर वरचा पाठ करा. दुसरा असेल तर इन्चार्ज सिस्टरांशी बोला, चौघींनी मिळून लेखी द्या. बहुतेक वेळा दोन्ही असतात.

आणि झोप आठवडेच्या आठवडे गेली असेल, जेवण जात नसेल, जगणं नको वाटत असेल, तर तंत्रांवर थांबू नका. केंद्र सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे आणि मराठीतही बोलता येतं.

स्वाध्याय

आज ड्युटीवरून किंवा शाळेतून घरी आल्यावर चप्पल काढण्याआधी दाराशीच अर्धा मिनिट थांबा. कपाळ, जबडा, खांदे, मूठ, पोट यांपैकी काय आवळलेलं आहे ते पाहा आणि वहीत तारखेसह लिहा. आठ दिवस. बहिणीच्या वहीत सहा दिवस ‘जबडा’ आणि दोन दिवस ‘काही नाही’ आलं. माझ्या वहीत आठही दिवस ‘खांदे’. तुमचं काय आलं ते मला नक्की कळवा.