मानस, पोय, कोरगुट : खाजनशेतीच्या शब्दांविषयी

बारावीच्या वर्गाला शेतीवरचा एक इंग्रजी उतारा मराठीत आणायला दिला होता. त्यातले भातशेत पिढ्यान्‌पिढ्या एकाच कुटुंबाकडे होते आणि तिथली शेती ‘बायोडायनॅमिक’ होती. एका विद्यार्थिनीने ‘जैवगतिशील शेती’ असे लिहिले आणि मग विचारले, “सर, पण म्हणजे काय?” शब्द व्याकरणाला धरून होता; अर्थ मात्र त्यातून निघत नव्हता. उत्तर देताना मला आमच्या घरच्या खाजनाचा आधार घ्यावा लागला.

मूळ कल्पना रुडॉल्फ स्टायनर यांची. १९२४ साली कोबरविट्झ येथे दिलेल्या व्याख्यानांत त्यांनी शेत हे एक सजीव मानले. खत, बी, जनावरे शक्यतो त्याच शेतातली असावीत, असा त्यांचा आग्रह. गाईच्या शिंगात शेण भरून ते हिवाळाभर जमिनीत पुरणे, चंद्राची गती पाहून पेरणे हेही त्या पद्धतीत आले. शिंगाच्या गुणाविषयी मी साशंक आहे. चंद्राविषयी मात्र आमच्या आजोबांची वही वेगळेच सांगते.

खाजन म्हणजे खाडीकाठची, बांध घालून खाऱ्या पाण्यातून सोडवलेली सखल जमीन. शब्द जुना आहे. बांदोडे येथे सापडलेल्या, कोकणच्या मौर्यांपैकी अनिर्जितवर्म्याच्या ताम्रपटात ‘खज्जन’ आढळतो. बांधात जे लाकडी दार असते ती मानस. भरतीचे पाणी बाहेरून रेटले की दार आपोआप मिटते. ओहोटीला आतल्या पाण्याचा दाब वाढला की उघडते. दाराच्या आतल्या बाजूला पाणी साठते ती पोय. पावसाळ्याच्या सुरुवातीच्या सरींनी जमिनीतले मीठ धुऊन निघते, ते पाणी पोयीतून मानशीवाटे नदीत जाते आणि मग भात उभे राहते. कापणीनंतर खारे पाणी मुद्दाम आत घेतात. त्याबरोबर सुंगटे, मासे येतात. भाताची खुंटे त्या पाण्यात कुजतात. जमिनीला मिळणारे खत बरेचसे हेच. बाबांनी काही वर्षे युरिया टाकून पाहिला. आमच्या सखल तुकड्यात तो पाण्याबरोबर निघून जायचा, म्हणून त्यांनी तो मोरडीच्या, म्हणजे उंचावरच्या, शेतापुरता ठेवला.

घरात कोंकणी असली तरी आजोबांची वही मराठीत आहे. प्रत्येक नोंदीवर तिथी. “अष्टमी, भांग, बांध लिंपला.” “अमावस्या, उधाण, रात्री मानशीवर.” लहानपणी मला हा पंचांगाचा सोस वाटे. भांगाला भरती कमी चढते, तेव्हा बांधाचे काम करायचे. उधाणाला पाणी सर्वांत जोराने येते, तेव्हा दार राखायचे. चंद्र इथे पाण्यावाटे काम करतो, आणि ते कोणालाही काठावर उभे राहून पाहता येते. पण ‘भांग’ हा शब्द माझ्या वर्गातल्या एकालाही ठाऊक नव्हता. एकाने केसांतला भांग सांगितला, दुसऱ्याने शिवरात्रीचा, हसे झाले.

हसण्यावारी नेण्यासारखी ही गोष्ट नाही, हे आमच्या घराने एकदा अनुभवले आहे. मानशीवरच्या मासेमारीचा लिलाव होतो. एका वर्षी भाद्रपदात पावसाने दडी मारली होती, नदी खारट होऊ लागली होती. ज्याने लिलाव घेतला होता त्याने अमावस्येच्या उधाणात मासळीसाठी दार टेकू देऊन उघडे ठेवले. माणूस वाईट नव्हता. त्याला दार माहीत होते, आतले दाणे भरत आलेले भात माहीत नव्हते. आणि आमच्यापैकी कोणी त्या रात्री मानशीवर गेले नव्हते. मी वही वाचलेली होती, तरी गेलो नव्हतो. आठवड्याभरात ज्योती जातीचे भात वाळले. पोयीलगतच्या पट्टीत बाबांनी हट्टाने पेरलेला कोरगुट तेवढा राहिला. कोरगुट उंच वाढतो, वाऱ्याने आडवा पडतो, उतारा कमी देतो. पण खार सोसतो. त्याच पट्टीतले बी पुढच्या वर्षी आम्ही पेरले, आणि अजून तेच चालले आहे.

हे ऐकल्यावर त्या मुलीने अनुवाद पुन्हा केला. ‘बायोडायनॅमिक’ तिने तसाच देवनागरीत ठेवला आणि पुढे एक वाक्य घातले : ज्या शेताचे खत, बी आणि पाणी एकमेकांना धरून असते असे शेत. मी त्याला पूर्ण गुण दिले. ‘धरून’ हा शब्द मला सुचला नसता.

शिक्षकांना एक सांगायचे आहे. हे शब्द मुलांकडून गोळा करून घ्यायचे असतील तर मुलांना मानशीवर न्यावे, आणि अमावस्येच्या किंवा पौर्णिमेच्या ओहोटीला न्यावे. पाणी तेव्हा सर्वांत खाली जाते आणि दार तळापर्यंत दिसते. पायांत रबरी बूट असावेत. आमच्या बांधावर चिखल पोटरीपर्यंत येतो.