झिप नाही, म्हणून पगार अडला

एका कारखान्याचं हजेरी-पगाराचं सॉफ्टवेअर नव्या उबुंटू सर्व्हरवर हलवताना कंपोझरनं स्पष्ट सांगितलं होतं: एक्सेल फाइल वाचणाऱ्या पीएचपीस्प्रेडशीट लायब्ररीला ‘झिप’ एक्सटेन्शन लागतं आणि ते या मशीनवर नाही. काम करणाऱ्या मुलाला घाई होती. त्यानं ‘इग्नोर प्लॅटफॉर्म रेक्स’ हा पर्याय जोडून तीच कमांड पुन्हा चालवली. सगळं बसलं. लॉगिन उघडलं, जुनी पगारपत्रकं दिसली, साहेब खूश. महिनाअखेरीस हजेरीची एक्सेल चढवली आणि स्क्रीन कोरी. लॉगमध्ये ‘झिपआर्काइव्ह’ हा क्लास सापडत नसल्याची तक्रार. तेव्हा मला फोन आला.

एक्सएलएसएक्स फाइल म्हणजे मुळात एक्सएमएल फाइलींचं झिप करून बांधलेलं गाठोडं. ते सोडणारंच कुणी नसेल, तर आतली हजेरी वाचणार कशी? लॉगिनला झिप लागत नाही, म्हणून महिनाभर कुणाला पत्ताही लागला नव्हता.

मी पोचेपर्यंत तिथे दुसरा घोळ झाला होता. सर्व्हरवर पीएचपीच्या दोन आवृत्त्या नांदत होत्या: टर्मिनलला ८.३ आणि वेबसाइटला, एफपीएममार्फत, ८.२. त्या मुलानं आकडा न लिहिता नुसतं ‘पीएचपी-झिप’ मागवलं, ते ८.३ ला जाऊन बसलं. टर्मिनलमध्ये ‘पीएचपी -एम’ दिलं की यादीत झिप दिसायचं. ब्राउझरमध्ये स्क्रीन कोरीच. बिचारा चक्रावला होता. ‘पीएचपी८.२-झिप’ बसवलं, ८.२ चं एफपीएम रीस्टार्ट केलं, हजेरी चढली.

तेव्हा एक्सटेन्शन बसवण्याआधी तुमची साइट नेमक्या कुठल्या पीएचपीवर चालते ते बघा. ‘पीएचपीइन्फो’चं एक पान ब्राउझरमधून उघडा, आवृत्ती आणि वाचली जाणारी पीएचपी.आयएनआय फाइल दोन्ही तिथे दिसतात. बघून झालं की ते पान पुसा, सर्व्हरची कुंडली जगाला दाखवायचं कारण नाही. विंडोजवर एक्सॅम्प वापरत असाल तर बहुतेकदा काही उतरवावंही लागत नाही. त्याच आयएनआय फाइलमधल्या एक्सटेन्शनच्या ओळीपुढचा अर्धविराम काढायचा आणि अपाची बंद करून पुन्हा चालू करायचं. चित्रांच्या एक्सटेन्शनसाठी जुन्या लेखांत त्या ओळीत ‘जीडी२’ लिहिलेलं असतं. पीएचपी ८ पासून तिथे नुसतं ‘जीडी’ आहे. डॉकरवर झिप बांधायला आधी ‘लिबझिप-डेव्ह’ लागतं, नाहीतर बिल्ड मध्येच थांबतं.

कोड वाकवून एक्सटेन्शन टाळण्याचा मार्ग तर मला सगळ्यात घातक वाटतो. ‘एमबीस्ट्रिंग’ नाही म्हणून ‘एमबी_सबस्ट्र’च्या जागी साधं ‘सबस्ट्र’ लिहिणारे मी पाहिलेत. इंग्रजी नावांवर ते खपून जातं. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटांचं: ‘मराठी’ शब्दात काना-वेलांटीसकट ५ चिन्हं, म्हणजे १५ बाइट. पावतीवरचं नाव २० बाइटांवर कापलंत तर सहा चिन्हं पुरी येतात आणि सातवं मध्येच तुटून चौकोन किंवा प्रश्नचिन्ह होतं. एरर येत नाही, फक्त लोकांची नावं बिघडतात. एरर आलेली परवडली.

प्रकल्पाला जे एक्सटेन्शन लागतं ते कंपोझर.जेसनच्या ‘रिक्वायर’मध्ये ‘एक्स्ट-झिप’ असं स्वतः लिहून ठेवा. त्याच फाइलच्या ‘कॉन्फिग’मध्ये ‘प्लॅटफॉर्म-चेक’ला ‘ट्रू’ करा. कंपोझर २ मध्ये ही तपासणी मुळात फक्त पीएचपीची आवृत्ती बघते. ‘ट्रू’ केलं की एक्सटेन्शनही बघते आणि एखादं नसेल तर साइट पहिल्याच दिवशी उघडत नाही. महिनाअखेरीपेक्षा ते कितीतरी बरं. मात्र ‘इग्नोर प्लॅटफॉर्म रेक्स’ देऊन इन्स्टॉल केलंत, तर ही तपासणी तयारच होत नाही.

सर्व्हर बदलला की ‘कंपोझर चेक-प्लॅटफॉर्म-रेक्स’ चालवा. ही कमांडही टर्मिनलच्याच पीएचपीवर चालते, म्हणून साइट ८.२ वर असेल तर ती ८.२ नं चालवा.