काटा फुलायला थंडी लागते

परवा फोनवर तू विचारलंस, "मावशी, नाताळची सुट्टी लागतेय, दोघंही दिवसभर घरात. एक नववीत, एक अकरावीत. यांचं करू काय?" आणि बोलता बोलता हेही सांगितलंस की नणंदेच्या बाळाचं पहिलं बोरन्हाण यंदा तुझ्याकडे आहे. फोन ठेवल्यावर वाटलं, अगं, हिच्या प्रश्नाचं उत्तर हिच्याच घरात आहे. बाळाचा हलवा आणि बाळाचे दागिने या दोघांकडे सोपव. मदतीला घेऊ नकोस, सोपव. बाळाच्या आईला आजच फोन करून सांग की दागिन्यांचं माझी मुलं बघणार आहेत, आणि तो फोन मुलांच्या देखत कर.

हे मुद्दाम सांगतेय. या वयाच्या मुलांना आपण नुसतं गुंतवून ठेवायला काही दिलं की त्यांना ते लगेच कळतं. कागदाची फुलं करा म्हणालीस तर दहा मिनिटांत उठतील, आणि त्यात त्यांची चूक नाही. त्या फुलांची कुणालाच गरज नसते. पण मुकुट वेळेवर झाला नाही तर बाळ बोडक्या डोक्यानं पाटावर बसेल, हे कळलं की तीच मुलं रात्री जागून दोरा ओवतात. मी माझ्या घरात तीन पिढ्यांची मुलं पाहिली, सगळी अशीच.

दिवसही अगदी जुळून आलेत. 25 डिसेंबर ते 14 जानेवारी, हातात वीस दिवस. बोरन्हाण संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत केव्हाही करता येतं, तेव्हा चार दिवस इकडेतिकडे झाले तरी घाबरू नकोस. आणि हवा कोरडी, पहाट गार. हलव्याला हेच लागतं.

हलवा मुलाकडे दे. 'हे मुलींचं काम' असं घरात कुणाला म्हणू देऊ नकोस. आमच्याकडे सगळ्यात देखणा हलवा माझा धाकटा भाऊ करायचा, कारण त्याच्या बोटांना घाई नव्हती.

पहिल्यांदा थोडाच करायचा. पॉलिशचे पांढरे तीळ दोन मोठे चमचे, चाळून, निवडून, जरासे भाजून. वाढत वाढत त्याचाच चांगला वाटीभर हलवा होतो, म्हणून जास्त तिळाचा मोह नको. एक वाटी साखर, अर्धी वाटी पाणी. उकळी आली की चमचाभर दूध घालायचं. मळी फेसासारखी वर येते, ती झाऱ्यानं काढून टाकायची. पाक बोटांत धरला तर चिकट लागावा, तार यायला नुकती लागावी, तिथेच गॅस बंद. मग पातळ फडक्यातून गाळायचा. पुढे काम चालू असताना तो घट्ट व्हायला लागला की चमचाभर गरम पाणी घालून सैल करायचा. पाक दाट असला तर तिळाला न चिकटता त्याची भुरभुरीत पिठी होते. फार पातळ असला तर आधी बसलेली साखरही विरघळून जाते. हे मी सांगून कळणार नाही, एकदा दोन्ही बिघडू दे.

आता खरं काम. जाड बुडाची पसरट कढई घ्यायची. पूर्वी शेगडीतल्या निखाऱ्यांवर राख सारून धग कमी करायचे. तुझ्या गॅसवर लोखंडी तवा ठेव आणि तव्यावर कढई, आच अगदी बारीक. त्यात तीळ. वर अर्धा चमचा पाक, आणि लगेच बोटांच्या टोकांनी हलवत राहायचं. उलथनं नाही, चमचा नाही, बोटं. सुरुवातीला सगळे तीळ एकमेकांना चिकटतात, मग हळूहळू सुटे होतात, आणि एका क्षणी कढईत कोरडी सळसळ ऐकू येते. ती ऐकू आली की पुढचा अर्धा चमचा. सळसळीआधी पाक घातला तर गोळे होतात. कढई बोटांना चटका देऊ लागली की खाली उतरवायची, निवू द्यायची. बुडाला साखरेची पिठी जमली की हलवा चाळणीत ओतून ती काढून टाकायची आणि कढई ओल्या फडक्यानं पुसून, कोरडी करून पुन्हा घ्यायची. हे पुसणं टाळलं की दाणा खडबडीत होतो आणि काट्याला जागाच राहत नाही.

पहिले दहा-पंधरा हात काहीच दिसत नाही. तीळ नुसते पांढरे आणि थोडे टपोरे. मुलगा म्हणेल, "आई, काही होत नाहीये." तेव्हा तू स्वयंपाकघरात जाऊ नकोस. दोन-अडीच तासांनी त्यानं थांबावं, हलवा पातळ कापडाखाली ठेवून द्यावा, दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा बसावं. पहाटे का, तर त्या वेळी हवा गार असते आणि पाक दाण्यावर भराभर वाळतो. दुसऱ्या दिवशी कधीतरी एखाद्या दाण्यावर सुईच्या टोकाएवढा उंचवटा दिसतो. पुढचा पाक त्या उंचवट्यालाच जास्त धरतो, तो वाढतो, त्याच्या शेजारी दुसरा येतो. यालाच काटा फुलणं म्हणतात. इथून पुढे पाक थेंबा-थेंबानं, आणि हात पिसासारखा हलका. जड हात पडला की फुललेले काटे मोडून पुन्हा पिठी होते. तिसऱ्या दिवशी दाणा चांदणीसारखा दिसला पाहिजे. रंग हवा असेल तर शेवटच्या चार-पाच हातांना पाकात केशर घालायचं किंवा बिटाचा रस, त्याआधी नाही.

नखं कापलेली, अंगठी काढलेली, शेजारी गार पाण्याचं भांडं आणि ओलं फडकं. गरम पाक पाण्यापेक्षा वाईट भाजतो, कारण तो कातडीला चिकटून राहतो. म्हणून पाक ओतताना कढईतला हात बाजूला, हा नियम पहिल्या दिवशी तू समोर बसून पाळून घे. दुसऱ्या दिवसापासून लांब राहा. आणि दोन्ही हात पाकात असताना मोबाईल आपोआप दूर राहतो, त्याबद्दल वेगळं काही बोलायची गरज पडत नाही.

एका वर्षी आम्ही मुंबईला होतो आणि संक्रांतीच्या आधी दोन-तीन दिवस आभाळ भरून हवा दमट झाली. माझा तीन दिवसांचा हलवा एका रात्रीत ओलसर झाला, काटे बसले, दाणे एकमेकांना चिकटले. मी रडले होते, खरंच. सासूबाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी तो ढेप झालेला हलवा फोडून दुधात घातला, सगळ्यांना प्यायला दिलं आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा तीळ भाजायला घेतले. तेव्हापासून झालेला हलवा निवला की लगेच घट्ट झाकणाच्या डब्यात, आणि डबा पाणी घातलेल्या परातीत. पाणी मुंग्यांसाठी. मुंग्यांचं विसरलीस तर दागिने एका दुपारी गेले म्हणून समज.

घरच्या हलव्यात सगळ्या दागिन्यांचं भागलं नाही तर खंत नको. मोठे दागिने साबुदाण्यावर केलेल्या विकतच्या एकसारख्या दाण्यांचे करा आणि घरचा हलवा मुकुटाच्या मधोमध, दिसेल असा लावा. तयार दागिने तुळशीबागेत ढिगानं मिळतात, ते मात्र नको. ते आणलेस की मुलांचं काम संपलं.

दागिने लेकीकडे. तिनं आधी बाळाच्या घरी जाऊन मापं घ्यावीत, दोऱ्यानं. डोक्याचा घेर, कंबर, मनगट, दंड, प्रत्येकाचा वेगळा दोरा आणि त्याला चिठ्ठी. प्रत्येक मापात दोन बोटं सैल धरायचं, आणि मागे नाडी ठेवायची, म्हणजे तीन आठवड्यांत बाळ वाढलं तरी अडत नाही. बाळाला काय काय लागतं? मुकुट, हार, बाजूबंद, मनगट्या, कंबरपट्टा, आणि मुलगा आहे तर हातात बासरी. सगळं काळ्या कापडावर. काळा रंग ऊब धरतो, म्हणून या सणाला तो चालतो, आणि पांढरा हलवा त्यावर जसा उठून दिसतो तसा दुसऱ्या कशावरच नाही. मुकुटाचा आकार जुन्या लग्नपत्रिकांच्या जाड पुठ्ठ्यातून कापता येतो. त्यावर काळा मखमली कपडा ओढून घ्यायचा आणि चिकटवायला गव्हाच्या पिठाची शिजवलेली खळ. उग्र वासाचा डिंक बाळाच्या कपाळाजवळ नको.

हलवा ओवायला सुई घेतली की दाणा फुटतो. सुईनं नाही, गाठीनं बांधायचा. पांढरा सुती दोरा दुहेरी घ्यायचा, दोन पदरांच्या मध्ये दाणा धरायचा, लगेच वर एक गाठ. पुन्हा दाणा, पुन्हा गाठ. दोरा काट्यांत अडकून बसतो, म्हणून दाणा सुटत नाही. बिनकाट्याचा गुळगुळीत दाणा निसटतोच. म्हणजे भावाचा हलवा नीट फुलला नाही तर बहिणीचा हार गळतो. दोघांना हे पहिल्या दिवशीच सांगून ठेव. वीतभर सराला तीस-पस्तीस दाणे लागतात, तेव्हा हार किती पदरी करायचा ते आधी मोजून ठरवू दे. तयार सर कापडावर ठेवून दोन दाण्यांमधल्या गाठीवर टाका घालायचा. इथे सुई चालते, कारण ती कापडातून जाते.

दोरा सुतीच हवा. घरात पतंगाच्या फिरकीवर जुना नायलॉनचा दोरा पडला असेल तर मुलं तो घ्यायला धावतील, कारण तो तुटत नाही. तो बाळाच्या जवळपासही नको, आणि पतंगालाही नको. राष्ट्रीय हरित लवादानं 2017 मध्ये त्याच्यावर देशभर बंदी घातली ती उगाच नाही. पाखरांचे पंख आणि दुचाकीवरच्या माणसांचे गळे कापलेत त्यानं. सापडला तर लहान तुकडे करून, कागदात बांधून कचऱ्यात टाकायला लाव.

हलवा वाळत असतो त्या दुपारी रिकाम्या असतात. तेव्हा खेळाला चल्लस-आठ मांडा. त्याचं सामानही घरातच करायचं असतं. चार चिंचोके घ्यायचे आणि दगडावर पाण्याचा थेंब टाकून घासायचे, एक बाजू पांढरी होईपर्यंत. दुसरी तपकिरी राहते. फरशीवर खडूनं पाच बाय पाच घरं. चारही बाजूंच्या मधल्या घरात आणि अगदी मधोमध फुली. चार खेळाडू, प्रत्येकाच्या चार सोंगट्या, त्याला फुटक्या बांगडीचे तुकडे, बटणं, शिंपले, काहीही. चिंचोके टाकायचे. जितके पांढरे तितकी घरं. चारही पांढरे पडले तर चल्लस, म्हणजे चार. चारही तपकिरी पडले तर आठ. या दोन्हींना पुन्हा टाकायला मिळतं. बाहेरच्या घरांतून घड्याळाच्या उलट फिरायचं, मग आतल्या घरांतून सुलट, आणि मधल्या फुलीत पोचायचं. फुलीवरच्या सोंगटीला मारता येत नाही. आमच्याकडे आणखी एक नियम होता. दुसऱ्याची एक तरी सोंगटी मारल्याशिवाय आतल्या घरांत जाता येत नाही. हा नियम ठेवच. त्यानं खेळ नुसत्या दानावर राहत नाही, डोकं चालवावं लागतं, आणि अकरावीतला मुलगा तेवढ्यासाठी बसतो. तूही बस त्यांच्यात, पण मुद्दाम हरू नकोस. लहानपणी चालतं, या वयात त्यांना त्याचा राग येतो.

संध्याकाळी पाहुणे आले तर पत्ते आहेतच. मेंढीकोट चौघांत, बदाम सात कितीही जणांत.

दोघांत भांडण होईल. साधारण दागिन्यांच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी होतं, दाणे कमी पडले की. तू मध्ये पडू नकोस आणि गुपचूप दुकानातून पाकीटही आणू नकोस. दाणे कमी असतील तर हाराचा एक पदर कमी करायचा की पहाटे पुन्हा कढई चढवायची, हे त्यांचं त्यांनी ठरवावं.

बोरन्हाणाच्या दिवशी बाळाच्या डोक्यावरून ओतायला बोरं, उसाचे करवे, चुरमुरे, हरभऱ्याचे घाटे, भुईमुगाच्या शेंगा, हलवा, सगळं लागतं. ते परातीत कालवायचं कामही यांचंच. बाळ वर्षाचं आहे, हातात येईल ते तोंडात घालणार. म्हणून लुटायला बसलेल्या मोठ्या मुलांतल्या एकाला बाळाच्या मुठीवर लक्ष ठेवायला सांग. दाणा, बोराची बी, शेंगदाणा काही घशात जाता कामा नये. आणि ओततानाही वरून धबाधबा नाही. छोट्या वाटीनं, कपाळापासून मागे.

आणि लेकीला सांग, मुकुट झाला की आतल्या बाजूला जुन्या धोतराचं मऊ कापड दुमडून शिवायला विसरू नकोस. काटेरी हलवा कोवळ्या कपाळाला टोचतो, आणि टोचला की बाळ पहिल्या मिनिटात मुकुट ओढून काढतं.