कार्ड नाकारलं म्हणजे खातं रिकामं नव्हे

मृग बरसला होता. रिसोडच्या बियाण्याच्या दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. माझ्या सोयाबीनच्या बॅगा काढून ठेवल्या होत्या. कार्ड लावलं, पिन टाकला, तर मशीनवर ‘डिक्लाइन्ड’. दुकानदार सगळ्या रांगेला ऐकू जाईल असा बोलला, “काकाजी, खात्यात पैसे ठेवत जा ना. व्हा बाजूला.” तेवढ्यात मोबाइलवर पैसे कटल्याचा मेसेज आला. तो दाखवला तर म्हणे, “ते तुमचं अन् तुमच्या बँकेचं.” बॅगा परत आत गेल्या. वर्षानुवर्षं ज्याच्याकडून रोखीनं माल घेतला, त्यानं चारचौघांत असं बोलावं, हे अजून सलतं.

बँकेनं पुन्हा दुकानाकडे बोट दाखवलं. शेवटी बँकेतल्याच एका पोरानं माझी पावती नीट वाचली. कोड 91. म्हणजे बँकेच्या सर्व्हरकडून मशीनला वेळेत उत्तरच मिळालं नव्हतं. खात्यात पैसे नसते तर 51 आला असता! दुकानदारानं ती पावती माझ्या हातात कोंबली, पण वाचली नाही.

म्हणून पावती मागाच, फेकू नका. 55 म्हणजे पिन चुकला, 54 म्हणजे कार्डाची मुदत संपली, 61 म्हणजे मर्यादेपेक्षा जास्त रक्कम. मेसेज आला असेल तर शिल्लक पाहिल्याशिवाय दुसऱ्यांदा कार्ड लावू नका, दोनदा पैसे अडकतात. नवं कार्ड ऑनलाइन चालत नसेल तर आधी ती सोय बँकेच्या अ‍ॅपमधून सुरू करावी लागते. 2020 पासून ती बंदच येते.

दुकानात असे अडकलेले पैसे व्यवहारानंतर 5 दिवसांत आपोआप परत यायला हवेत. पुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई, तीही न मागता. रिझर्व्ह बँकेचा हा नियम 2019 चा आहे. मला काउंटरवर तो कुणी सांगितला नाही. तक्रार लेखी द्या, पोच घ्या. 30 दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. माहितीसाठी 14448 हा नंबर आहे.

आणि जिल्ह्यातल्या दुकानदारांना विनंती: पेरणीच्या दिवसांत कुणाला रांगेतून बाजूला काढण्याआधी पावतीवरचे ते दोन आकडे वाचा.