व्हॉट्सॲपवर ऐकू येतं, मग व्हिडिओत का घेता येत नाही?

मैत्रिणींनो, मसाले, पापड, गोधड्या यांचे व्हिडिओ आता बरेच गट मोबाईलवरच बनवतात. बैठकीत एक तक्रार मात्र सारखी येते. फोटो ॲपमध्ये आले, पण ताईंनी पाठवलेला आवाज यादीत दिसतच नाही. एका गटाकडे आजींनी सांगितलेली काळ्या मसाल्याची कृती होती, तीन मिनिटांची. आजी लेकीकडे गेलेल्या, आणि प्रदर्शनासाठी व्हिडिओ दोन दिवसांत द्यायचा होता.

आवाज खराब झालेला नसतो. अँड्रॉइड फोनवर माइकचं बटण दाबून पाठवलेला व्हॉट्सॲपचा आवाज 'ओपस' प्रकारात साठतो. फाईलच्या नावाच्या शेवटी तसं लिहिलेलं दिसतं. हा प्रकार २०१२ साली ठरला. कमी डेटात स्वच्छ आवाज पाठवायला तो फार चांगला. पण व्हिडिओ जोडायची बरीच ॲप एमपी३, एम४ए किंवा वेव्ह याच फाईल घेतात. ओपस त्यांना वाचताच येत नाही.

काहीजणी फाईलचं नाव बदलून शेवटी एमपी३ लिहितात. त्याने काही होत नाही बरं का. मिठाच्या डब्यावर साखर लिहिलं तरी चहा खारटच होणार. आतला प्रकार बदलावा लागतो.

त्यासाठी मला कॉम्प्युटरवरचं व्हीएलसी सगळ्यात बरं वाटतं. फुकट आहे. 'मीडिया'मध्ये जाऊन 'कन्व्हर्ट / सेव्ह' निवडा, आजींची फाईल घाला, प्रोफाईलमध्ये ऑडिओ एमपी३ निवडा, नवीन फाईलला वेगळं नाव द्या आणि 'स्टार्ट' दाबा. सेवा केंद्रातल्या मुलालाही हे पाच मिनिटांत जमेल. फाईल बदलून देणाऱ्या वेबसाइट असतात, पण तिथे आपला आवाज दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर जातो. गटाच्या पैशांचं किंवा घरचं बोलणं असेल तर तिथे टाकू नका.

वेव्ह फाईल चांगली, पण जड. मिनिटाला साधारण १० एमबी. एमपी३ मिनिटाला १ एमबीच्या आसपास बसते, आणि बोलण्यासाठी तेवढं पुरे.

जुन्या फोनमधली 'एएमआर' फाईलही अशीच अडते. ती बदलता येते, पण आवाज फोनवर बोलल्यासारखा दबकाच राहतो. मूळ रेकॉर्डिंगमध्ये जे आलंच नाही, ते एमपी३ केल्याने येत नाही.

नवीन रेकॉर्डिंग करताना हा खटाटोपच नको. व्हिडिओच्या ॲपमध्येच आवाज भरायची सोय असेल तर तिथेच बोला. ती नसेल तर कॅमेऱ्याने भिंतीचा व्हिडिओ काढत बोला, बरीच ॲप त्या व्हिडिओतून नुसता आवाज काढून देतात. हसू नका, आवाज छान येतो! आवाज दुसऱ्या गावाहून यायचा असेल तर त्या ताईंना फोनच्या रेकॉर्डरवर बोलायला सांगा आणि ती फाईल 'डॉक्युमेंट' म्हणून मागवा, म्हणजे आहे तशी येते.

फोनची जागा भरली की आपण सरसकट व्हॉट्सॲप साफ करतो, त्यात हे आवाजही जातात. आजींसारखं परत मिळणार नाही असं बोलणं असेल, तर व्हिडिओ झाल्यावरही मूळ ओपस फाईल ठेवा आणि गटातल्या आणखी एकीच्या फोनवर पाठवून ठेवा.